बोनसची रेघ

कबड्डीच्या मैदानावर रेघा पुष्कळ असतात आणि बहुतेक सगळ्या बंदोबस्ताला नेमलेल्या. बाजूची रेघ म्हणते, बाहेर पडू नको. मागची अंतिम रेघ तेच म्हणते, जरा जास्त दरडावून. मध्यरेषा म्हणते, दम तुटायच्या आत परत ये. निदान रेषा तर चढाई करणाऱ्याची सक्तीची हजेरीच घेते: मला ओलांडलं नाहीस आणि कोणाला शिवलाही नाहीस, तर तूच बाद. या सगळ्या दटावणाऱ्या मंडळींत एकच रेघ अशी आहे, जी काही देते. ती बोनसची.

तिचा पत्ता पक्का आहे. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे बरोबर 1 मीटरवर ही. हिच्या पाठीमागे अंतिम रेषेपर्यंत उरतात 1.75 मीटर. म्हणजे तिच्यापर्यंत पोचलेल्या गड्याला परतीची वाट 4.75 मीटरची, आणि त्या वाटेवर हात पसरून उभे सात जण. इतक्या आत बोलावून ती देते किती, तर एक गुण. कधीही दीड नाही, दोन नाही. आणि त्या एका गुणावर सिंदेवाहीकडे हिवाळ्यातल्या रात्रीच्या रात्री भांडणं पेटतात.

सिंदेवाही धानाचा तालुका. इथलं कृषी संशोधन केंद्रही धानासाठीच ओळखलं जातं. शेजारच्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावी, दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षं निवडत निवडत एचएमटी हे वाण उभं केलं. निवड ही गोष्ट या मुलखाला नीट समजते. दिसायला दांडगं रोप आणि पिकणारं रोप यांत फरक असतो, हे इथल्या माणसाला बांधीवर शिकायला मिळतं. तोच माणूस संध्याकाळी पानठेल्यावर उभा राहिला आणि गावच्या टीमचा मुख्य चढाईपटू कोण यावर बोलू लागला, की मात्र त्याला दांडगा गडीच लागतो. याचं कारण मला ही रेघच वाटते. तिचं काम डोळ्यांना दिसत नाही.

धान घरात आलं की बांध्या मोकळ्या होतात. मग सुरू होतो झाडीपट्टीचा मोसम. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या या गावाहून त्या गावाला. याच दिवसांत कबड्डीचे रात्रीचे सामनेही लागतात. एखादी उंचावरची बांधी पाहायची, धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, चार कोपऱ्यांना बासे रोवून दिवे टांगायचे. शेवटी फक्की. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने सुतळीच्या कडेने पांढरी रेघ ओढत जाणारा पोरगा बोनसपाशी आला की चार जण त्याला सांगायला धावतात. बाकीच्या रेघा जराशा तिरप्या गेल्या तरी चालतं. ही वाकडी गेली तर उपांत्य सामन्यात मारामारी होते.

मातीवरची बोनसची रेघ म्हणजे मोठी खोडकर जात. सामना सुरू होताना ती या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पांढरीशुभ्र असते. दहा मिनिटांत तिचा मधला भाग तसाच राहतो, कारण मध्ये सहसा कोणी जात नाही. पुसली जाते ती दोन्ही कोपऱ्यांशी. पाय तिथेच टेकतात, घोटे तिथेच धरले जातात, माणसं तिथेच घसरतात. जिथे तिची साक्ष हवी नेमकी तिथे ती गायब, आणि जिथे तिला कोणी विचारत नाही तिथे ठळक. मग पंच उरलेल्या दोन तुकड्यांवरून मनातल्या मनात रेघ जोडतो आणि अंगठा वर करतो, किंवा करत नाही. त्याच्या अंगठ्यापुढे अपील नाही. टीव्हीवरच्या लीगमध्ये कॅमेरे आहेत, तिथे फेरतपासणी मागता येते. इथे फेरतपासणी दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात होते, आणि तिथे प्रत्येकाचा डोळा पंचापेक्षा तेज असतो.

आता तिचा स्वभाव. पहिली अट अशी की तिला अर्धवट माणूस चालत नाही. एक पाय तिच्या पूर्ण पलीकडे टेकलेला हवा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत. बोट रेघेवर पडलं तर ती ओळख देत नाही. मागचा पाय मातीला घासत राहिला तरी नाही. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही शत्रूच्या घरात सर्वांत खोल आहात, त्याच क्षणी तुम्ही एका पायावर आहात. ही अट ज्याने कोणी घातली त्याला माणसाच्या हावेची चांगली जाण असावी.

दुसरी अट आणखी विचित्र. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच ती जागी. पाच उरले की ती झोपली. मग तुम्ही तिच्यावरून दहादा उड्या मारा, ती नुसती फक्की. कोपऱ्यावर नवखं पोर असो की नावाजलेला पकडीवाला, तिचं लक्ष फक्त डोकी मोजण्याकडे. भरल्या घरी उंबऱ्यावर आलेल्याला मूठभर वाढायचं आणि घर ओस पडू लागलं की दार लावून घ्यायचं, तशी तिची रीत.

तिसरी गोष्ट अट नव्हे, तिचा कृपणपणा. गड्याला शिवून आणलेल्या गुणाने आपला बाद बसलेला भिडू उठतो. कबड्डीच्या जुन्या प्रकारांतला संजीवनी नावाचा जो प्रकार, त्याचं हे देणं. आजचा खेळ त्याच्यावरच उभा आहे. बोनसच्या गुणात ही संजीवनी नाही. फळ्यावर आकडा वाढतो, बाकावरचा माणूस बाकावरच राहतो. आणि बोनस घेतल्यावर परतताना पकडला गेलात तर? तुम्हाला एक, त्यांना एक. हिशेब बरोबरीचा दिसतो. पण तुमचा एक गडी गेला आणि त्यांचा एक उठला. फळा हे सांगत नाही.

याच तीन गोष्टींवरून गावात दोन तट पडतात. दर गावच्या टीममध्ये एक जोडी असतेच, तिची नावं घेण्यात अर्थ नाही, कारण नावं बदलतात आणि जोडी तीच राहते. एक असतो राईस मिलमध्ये पोती उचलणारा. खांदे रुंद, मान आखूड, आत घुसला की दोघांना अंगावर घेऊन मध्यरेषेला हात लावणारा. दुसरा असतो कॉलेजातला, उंच, सडपातळ. तो आत जातो, डाव्या कोपऱ्यापुढे पाय नाचवतो, अंगठ्याने रेघेपलीकडची माती दाबतो आणि परत येतो. एक गुण. पुन्हा जातो, पुन्हा एक. प्रेक्षकांतल्या बायका उठून भाकरी टाकायला जातात, पोरं शेंगदाणे आणायला जातात.

“हा काय खेळ हाय जी?” मिलवाल्याच्या तटातला म्हणतो. “जातो अन् येतो, जातो अन् येतो. पोस्टमन हाय का?”

“फळा पाहा ना,” कॉलेजवाल्याच्या तटातला म्हणतो. “सात गुण आनले त्यानं. तुमच्या पैलवानानं किती आनले?”

“सात आनले, पन आपले तीन बसून हायेत. एक तरी उठला का?”

इथे चहा येतो. वाद पुढे सरकतो तो आवाजाने, मुद्द्याने क्वचितच.

हाच वाद हजारो कोसांवर, ज्यांनी धानाची बांधी कधी पाहिलेली नाही असे लोकही घालत असतात. रग्बीत दहा नंबरच्या जर्सीचा खेळाडू हल्ल्याचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात आला की लाथेने पुढे पाठवायचा, बाजूच्याला द्यायचा की स्वतः घुसायचं, हे तो ठरवतो. तिथेही लहान देणं आणि मोठं देणं आहे: ट्राय केला तर 5 गुण, पेनल्टीची किक किंवा ड्रॉप गोल खांबांमधून गेला तर 3. इंग्लंडचे शौकीन वर्षानुवर्षं यावरून भांडले आहेत की दहा नंबर कोणाला द्यावा, शांत डोक्याने किका मारणाऱ्या जॉर्ज फोर्डला की पळत सुटणाऱ्या मार्कस स्मिथला. 2023 च्या विश्वचषकात मार्सेच्या मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडचा एक गडी सुरुवातीच्या मिनिटांतच मैदानाबाहेर गेला. उरलेल्या चौदा जणांत फोर्डने 6 पेनल्टी आणि 3 ड्रॉप गोल मारले. इंग्लंडचे 27 गुण, सगळे त्याचे, ट्राय एकही नाही. सामना 27-10 असा जिंकला, आणि तरीही यापेक्षा दुसरा खेळवा म्हणणारे होतेच. आपला मिलवाल्याच्या तटातला माणूस तिथे असता तर त्यानेही विचारलं असतं, हा काय खेळ आहे जी.

महाराष्ट्रात रग्बी तशी जुनी आहे. बॉम्बे जिमखान्याच्या गवतावर पावसाळ्यात ती खेळली जाते. पण सिंदेवाहीला दहा नंबर म्हणजे कबड्डीचा पहिला चढाईपटू, हे मान्य करून पुढे जाऊ.

बोनसच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक हुकमी नाव असतं, अनुप कुमारचं. हरियाणाचा हा गडी यू मुंबाचा कप्तान होता आणि 2015 च्या प्रो कबड्डीत त्याच्या संघाने चषक घेतला, म्हणून मराठी घरांत तो घरचाच झाला. बोनसचा बादशाह अशी त्याची ओळख. चेहऱ्यावर घाई नाही, दम घेताना ओठसुद्धा फारसे हलत नाहीत, आणि पाय मात्र रेघेच्या पलीकडे कधी टेकला ते कोपऱ्याला उशिरा कळायचं. विरुद्ध बाजूकडे प्रदीप नरवाल आहे: 2017 च्या एका मोसमात चढाईचे 369 गुण, डुबकी मारून साखळीच्या हाताखालून निघणारा. आणि दोन्ही तटांना सोयीचा एक सामना आहे, 2016 च्या अहमदाबादच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. मध्यंतराला इराण 18, भारत 13. कप्तान अनुप. पण सामना ओढून आणला अजय ठाकूरने, 12 गुण घेऊन, आणि भारत 38-29 ने जिंकला. घुसणाऱ्यांचा तट म्हणतो, बघा, अडल्या वेळी कोण कामी आला. बोनसवाले म्हणतात, अजयला मोकळं सोडणारा कप्तान कोण होता ते सांगा आधी.

मला यात दोन्ही तटांची एक गफलत दिसते. दोघेही बोनसला एक गुण समजतात. खरं म्हणजे ती वाटच जास्त आहे.

कोपऱ्यावर उभा असलेला गडी काय पाहतो ते पाहा. तो चढाईवाल्याचे डोळे पाहत नाही, त्याचा पुढचा पाय पाहतो. पाय रेघेकडे लांबला की त्याच्यापुढे दोनच गोष्टी: जाऊ द्यायचा, म्हणजे एक गुण गेला, किंवा घोट्यावर झडप घालायची. चांगला कोपरा दोनदा जाऊ देतो आणि तिसऱ्यांदा झडप घालतो. चांगला चढाईवाला दोनदा खराच पाय टाकतो आणि तिसऱ्यांदा नुसता दाखवतो. झडप घालायला वाकलेल्या कोपऱ्याची पाठ समोर येते. तिला हात लागला की तो गेला, आणि हा गुण भिडूला उठवणारा आहे. पहिले दोन बोनस नसते तर कोपरा वाकलाच नसता. कॉलेजवाल्या पोराला पोस्टमन म्हणणाऱ्यांनी ही तिसरी चढाई नीट पाहिलेली नसते, ते तेव्हा शेंगदाणे आणायला गेलेले असतात.

तिथेही क्रम फार महत्त्वाचा. आधी रेघ, मग स्पर्श. रेघ ओलांडून मग कोणाला शिवलात तर दोन्ही मिळतात. आधी शिवलात, झटापट सुरू झाली, आणि मग पाय पलीकडे गेला, तर ती ओळख देत नाही. तिचा मान पहिला. मिलवाल्याला हे कोणी शिकवत नाही, कारण त्याचं सगळं घुसण्यावर चाललेलं असतं. शिकवलं तर तो गावाला फुकट मिळणारे कितीतरी गुण आणेल.

आणि इथे एक गंमत होते, जी मी एकाही मराठी समालोचकाच्या तोंडून नीट ऐकलेली नाही. घुसणारा गडी बोनसवाल्याचं दुकान बंद करतो. समोर सात आहेत, रेघ जागी आहे. मिलवाला आत गेला आणि दोघांना घेऊन आला. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. समोर उरले पाच. रेघ झोपली. आता कॉलेजवाला आत जाईल तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नाही. कोपरा पायाकडे पाहणार नाही, छातीकडे पाहील. मग तो हात हलवत परततो आणि लोक म्हणतात, पाहा, याच्यानं काही होत नाही. पुढे मिलवाल्याने बाकीचेही मारले, लोण चढला, दोन गुण वर मिळाले, समोर पुन्हा सातही उभे राहिले. रेघ जागी. आता कॉलेजवाल्याला पाठवायची वेळ. पण गर्दीचा कान अजून ढोलाकडे, आणि कप्तान गर्दीचा. तो पुन्हा मिलवाल्याला पाठवतो, सात ताज्या गड्यांपुढे, दमलेला. तो पकडला जातो. मी पाहिलेले कितीतरी सामने या एका चुकीच्या हाकेवर फिरले आहेत.

दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या तिसऱ्या चढाईने हा हिशेब आणखी तिखट केला आहे. गुण आणा नाहीतर बाद व्हा. समोर सहा-सात असताना अशी वेळ आली तर ही रेघ मोठा आधार, कारण तिचा एक गुणही जीव वाचवतो. समोर तीन किंवा कमी असताना आली तर ती झोपलेली, आणि पकड झाली तर वर त्यांना एक गुण जास्त. तेव्हा तिला हाका मारून उपयोग नसतो. तरी गर्दी ओरडतच असते, “बोनस घे रे, बोनस!” नियम माहीत नसतो असं नाही. तोंडाला सवय झालेली असते.

गावाच्या वरची निवड आणखी निराळी. फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, त्यामुळे सिंदेवाहीच्या पोराची वाट विदर्भाच्या जर्सीकडे जाते. विदर्भाला कबड्डीत कमीपणा वाटायचं कारण नाही. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन हा खेळ जगाला दाखवला होता. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीला आलेल्या पोराचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो मॅटवर. मातीत वाढलेल्या पायाला बोनसची रेघ तळव्याने कळते: फक्की जराशी कोरडी लागते, बाजूची माती दमट. मॅटवर रेघ सपाट, रंगीत, गुळगुळीत. पाय अनवाणीही नसतो, बूट असतो. बूट घातलेल्या पायाला ती कुठे सुरू झाली हे समजत नाही, खाली पाहावं लागतं, आणि खाली पाहिलं की कोपरा तयारच असतो. इकडचे किती हुशार पाय त्या एका मान वाकवण्यात बाद झाले असतील. वरच्या जागेवर पोचायचं तर गावात एक जुनी का होईना मॅट हवी, हे पुढाऱ्यांना सांगून झालं आहे. ते उद्घाटनाला येतात, नारळ फोडतात, रेघेवर पाय ठेवून फोटो काढतात.

रात्री उशिरा सामने संपतात. गुंजेवाही, नवरगावकडची माणसं तेव्हा एकटीदुकटी निघत नाहीत. हा वाघाचा मुलूख आहे, जमाव करून, बोलत, बॅटऱ्या मारत जायचं असतं. त्या वाटेवर पुढल्या सामन्याची टीम ठरते. मलाही विचारतात, कारण मी कोणत्याच तटात नाही असा त्यांचा समज आहे. माझं उत्तर दर वर्षी साधारण एकच असतं. दोघांना खेळवा. समोर सहा-सात असले की कॉलेजवाला जाईल, कोपऱ्याला पायाकडे पाहायची खोड लावेल, चार-पाच बोनस आणेल. त्याने कोपरा वाकवला की मिलवाला जाईल. समोर पाच उरले की मिलवालाच. लोण चढला की पुन्हा कॉलेजवाला. पाठवायचं कोणाला हे ढोल ऐकून नाही, समोरची डोकी मोजून ठरवा.

एवढं बोलल्यावर मागून चालणारे एक म्हातारे गुरुजी, ज्यांनी शाळेत दोन पिढ्यांना कबड्डी शिकवली आहे, खाकरले.

“समोर पाच उरले, तं तुमचा मिलवाला.”

“हो, गुरुजी.”

“अन् तो बाद बसला असन तं?”

“मग कॉलेजवाला जाईल.”

“रेघ झोपली हाय. त्याच्याकडं दाखवाले काय हाय? आनन काय तो? अन् त्यानं नाही आनलं, तं मिलवाल्याले उठवन कोन?”

कोणी बोललं नाही. मग तटातटांतून एकदम चार आवाज उठले, की गुरुजी, तुम्ही आमच्या पोट्ट्याला कमी समजू नका. गुरुजींनी बॅटरी पुढे मारली.

“दोघाले घेऊन भांडत बसा तुम्ही. म्या म्हनतो, तिसरा पोट्टा पाहा आदी. कोपऱ्यावर उभा रायते ना तुमचा, तो लहानसा, कमी बोलनारा. त्याले पाठवून पाह्यलं का कोनी कधी?”

“तो कोपरा हाय, गुरुजी. तो चढाई कायले करन?”

“समोरचा कोपरा काय इचार करते, हे त्याच्याइतकं कोनाले समजते?”

तिथून नवरगावच्या फाट्यापर्यंत या तिसऱ्या पोराचं वजन किती, उंची किती, दम किती सेकंद टिकतो यावर वाद चालला. फाटा आला तेव्हा त्याचं वजन दोन्ही तटांच्या अंदाजांत आठ किलोंनी वेगळं होतं.